नॅफ्थलीनचे तीन लाइफटाइम आणि त्यात थंडीचा वाटा

प्रश्न विचारणारा विद्यार्थी नाशिकच्या एका महाविद्यालयात एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी त्याने नॅफ्थलीनच्या फ्लुओरेसन्सचा लाइफटाइम (उत्तेजित रेणू प्रकाश सोडून विझेपर्यंतचा सरासरी काळ) हा विषय घेतला आणि वाचताना त्याला तीन वेगवेगळे आकडे सापडले. ऑक्सिजन काढून टाकलेल्या सायक्लोहेक्झेनच्या द्रावणात सुमारे १०० नॅनोसेकंद, तेच द्रावण हवेला उघडं ठेवलं तर १५-२० नॅनोसेकंद, आणि सुपरसॉनिक जेटमध्ये (बारीक छिद्रातून निर्वातात सोडलेल्या वेगवान झोतात) थंड केलेल्या वायूत सुमारे ३०० नॅनोसेकंद. तो विचारतो, ‘रेणू एकच, मग आकडे तीन कसे? थंडीमुळे लाइफटाइम वाढतो असं प्रबंधात लिहू का? आणि हा प्रयोग नाशिकमध्ये करता येईल का?’

आधी थोडक्यात सांगते. ‘थंडीमुळे वाढतो’ असं लिहू नका. द्रावणातून जेटमध्ये जाताना तापमान तर बदलतंच, पण सॉल्व्हंट (ज्या द्रवात रेणू विरघळवला तो) नाहीसा होतो, टकरी थांबतात आणि लेसर नेमक्या कुठल्या ऊर्जापातळीतल्या रेणूंना उचलतो तेही बदलतं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकट्या थंडीला दिलं, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल. तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: मोजलेला लाइफटाइम कुठल्या पातळीचा आहे, आणि त्या पातळीतून बाहेर पडायच्या किती वाटा त्या वेळी उघड्या होत्या? मी बरीच वर्षं जेटच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे आणि आता इथे नाशिकला एमएस्सीच्या मुलांना शिकवते. हा गोंधळ दर वर्षी कोणाचा तरी होतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

उत्तेजित रेणू खाली येतो तो अनेक वाटांनी. एक वाट फोटॉन सोडण्याची, तीच आपल्याला दिसते. बाकीच्या अंधाऱ्या: ट्रिप्लेटमध्ये (वेगळ्या स्पिनच्या, प्रकाश फार संथ सोडणाऱ्या अवस्थेत) जाणं, ऊर्जा आतल्या आत कंपनांत जिरवणं, रेणूचे तुकडे होणं, दुसऱ्या रेणूवर आपटून ऊर्जा देऊन टाकणं. प्रत्येक वाटेचा एक वेग असतो आणि सगळे वेग एकत्र मिळवून त्या बेरजेचा व्यस्त घेतला की लाइफटाइम मिळतो. म्हणजे आपण मोजतो फक्त फोटॉन, पण त्यांचा क्षय किती लवकर होतो हे सगळ्या वाटा मिळून ठरवतात. प्रकाश न देणारी एखादी वाट रुंद झाली, तरी दिसणाऱ्या प्रकाशाचा क्षय वेगाने होतो. मुलांची पहिली चूक इथेच होते. लाइफटाइम कमी झाला की ‘रेणू फोटॉन लवकर सोडायला लागला’ असं ती लिहितात. बहुतेक वेळा फोटॉन सोडायचा वेग तोच असतो, गळती दुसरीकडून वाढलेली असते.

आता हवेतला आकडा. तो सर्वांत सोपा आहे. हवेशी संपर्कात असलेल्या सायक्लोहेक्झेनमध्ये दर लिटरला साधारण २ मिलिमोल ऑक्सिजन विरघळलेला असतो. उत्तेजित नॅफ्थलीनला ऑक्सिजन भेटला की बहुतेक भेटींत फ्लुओरेसन्स संपतो, आणि भेटीचा वेगांक दर मोलर-सेकंदाला सुमारे २,५०० कोटी असतो. दोन्हींचा गुणाकार करा. सेकंदाला सुमारे ५ कोटी वेळा बुजवण्याची ही नवी वाट उघडली. मुळातली बेरीज (१०० नॅनोसेकंदांचा व्यस्त) सेकंदाला १ कोटी होती, ती ६ कोटी झाली आणि लाइफटाइम १७ नॅनोसेकंदांच्या आसपास आला. इथे तापमान बदललंच नाही. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलला की तुम्ही परत १०० वर येता.

द्रावणातले १०० आणि जेटमधले ३०० यांतलं अंतर मात्र नीट समजून घ्यायला हवं. सायक्लोहेक्झेनमध्ये नॅफ्थलीनची क्वांटम यील्ड सुमारे ०.२३ आहे, म्हणजे १०० उत्तेजित रेणूंपैकी २३ फोटॉन सोडतात आणि उरलेले मुख्यतः ट्रिप्लेटकडे जातात. एकूण वेग सेकंदाला १ कोटी धरला तर फोटॉनचा वाटा २३ लाख आणि अंधाऱ्या वाटांचा ७७ लाख. जेटमध्ये ३०० नॅनोसेकंद म्हणजे एकूण वेग सुमारे ३३ लाख. सॉल्व्हंट गेला की अपवर्तनांक १ वर येतो. फोटॉनचा वेग साधारणपणे अपवर्तनांकाच्या वर्गाप्रमाणे बदलतो आणि सायक्लोहेक्झेनसाठी तो वर्ग २ च्या जवळ आहे, तेव्हा फोटॉनचा वेग निम्मा झाला असं समजा. तेवढ्याने एकूण वेग १ कोटीवरून ८८-८९ लाखांवरच येतो, लाइफटाइम ११०-११५. ३०० चा पत्ता नाही. उलट बाजूने पाहा: जेटमध्ये फोटॉनचा वेग शून्य मानला तरी अंधाऱ्या वाटांचा वेग ३३ लाखांहून जास्त असू शकत नाही, आणि द्रावणात तो ७७ लाख होता. याचा अर्थ ट्रिप्लेटकडे जाणारी वाट निम्म्याहून अधिक अरुंद झाली. हे अनुमान कोणत्याही मोठ्या सिद्धान्तावर अवलंबून नाही, फक्त तीन मोजलेल्या आकड्यांवर आहे. प्रबंधात हा परिच्छेद नक्की ठेवा.

ती वाट का अरुंद झाली? इथे थंडी येते, पण आडवाटेने. नॅफ्थलीनला १८ अणू, म्हणजे कंपनाच्या ४८ पद्धती. त्यातल्या सर्वांत मंद पद्धतींची ऊर्जा २०० वेव्हनंबरच्याही (वर्णपटात ऊर्जा मोजायचं एकक) खाली आहे, आणि खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा साधारण २०८ वेव्हनंबर. त्यामुळे खोलीच्या तापमानाचा नॅफ्थलीन कधीच शांत नसतो. वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या कंपनपातळ्यांवर असतात, आणि या पातळ्यांचे लाइफटाइम सारखे नाहीत. पहिल्या उत्तेजित अवस्थेत कंपनाची ऊर्जा वाढत गेली की नॅफ्थलीनचा लाइफटाइम घटत जातो. द्रावणातला आकडा ही या सगळ्यांची सॉल्व्हंटने घुसळलेली सरासरी आहे. जेटमधले ३०० नॅनोसेकंद मात्र एकाच पातळीचे आहेत: पहिली उत्तेजित अवस्था, कंपन शून्य. ही पातळी ३१२ नॅनोमीटरला उचलली जाते; लेसर त्याहून थोड्या कमी तरंगलांबीवर नेऊन दुसरी पातळी उचलली तर जेट तोच, थंडी तीच, आणि आकडा वेगळा येतो. म्हणून मी मुलांना सांगते की लाइफटाइम रेणूच्या नावापुढे लिहू नका, पातळीच्या नावापुढे लिहा.

तुमच्या मनात शंका येईल की टकरी नसण्याचा परिणाम आणि थंडीचा परिणाम वेगळे कसे करायचे. करता येतात. बंद काचपात्रात फक्त नॅफ्थलीनची वाफ घ्या, खोलीच्या तापमानाला. तिचा दाब ०.१ टॉरच्याही (टॉर हे दाबाचं एकक) खाली असतो. १ टॉर दाबाला साध्या वायूच्या रेणूंच्या दोन टकरींमध्ये साधारण १०० नॅनोसेकंद जातात, तेव्हा इथे ते अंतर मायक्रोसेकंदाच्या आसपास पोचतं. रेणू गरम आहे, पण एकाकी आहे. अशा वाफेत लेसरची तरंगलांबी बदलली की लाइफटाइम बदलतो, कारण जादा दिलेली ऊर्जा रेणूतच अडकून राहते. त्याच पात्रात एक वातावरण दाबाचा नायट्रोजन भरला की टकरी सेकंदाला अब्जावधी होतात, जादा कंपन निघून जातं आणि तरंगलांबीवरचं अवलंबित्व जवळपास मावळतं. एकाकीपणा आणि थंडी या दोन वेगळ्या कळा आहेत. जेट त्या एकदम दाबतो, म्हणून वाचणाऱ्याची गल्लत होते.

जेटमध्ये रेणू थंड कसा होतो हेही दोन शब्दांत. आर्गॉन किंवा हेलियम काही वातावरण दाबाला भरायचा, त्यात नॅफ्थलीनची चिमूटभर वाफ मिसळायची आणि अर्ध्या-एक मिलिमीटरच्या छिद्रातून (नॉझलमधून) निर्वातात सोडायचं. छिद्रातून बाहेर पडताना असंख्य टकरी होतात आणि त्यांत अस्ताव्यस्त गती एका दिशेच्या गतीत बदलते. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे निघालेल्या गर्दीत सगळे एकाच दिशेने, एकाच चालीने जायला लागले की धक्काबुक्की थांबते, तसं हे आहे. आर्गॉन सेकंदाला सुमारे ५६० मीटर, हेलियम सुमारे १,७७० मीटर वेगाने पुढे जातो, पण रेणूंचा एकमेकांच्या तुलनेतला वेग अगदी थोडा उरतो, आणि तापमान म्हणजे हा उरलेला फरक. रेणूचं परिवलन (स्वतःभोवती फिरणं) काही केल्व्हिनपर्यंत थंड होतं. कंपन इतक्या सहज थंड होत नाही, त्याचं तापमान अनेकदा दहा-वीस पटींनी वर राहतं. त्यामुळे ‘जेटचं तापमान ५ केल्व्हिन’ असा एकच आकडा लिहिलेला दिसला की तो परिवलनाचा की कंपनाचा, हे विचारायचं. छिद्रापासून दूर जाताना घनता अंतराच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून छिद्राच्या व्यासाच्या वीस-तीस पट अंतरावर लेसर आणला की टकरी व्यवहारात संपलेल्या असतात.

या पद्धतीचं पहिलं मोठं यश नायट्रोजन डायऑक्साइडवर मिळालं. कँट्रोविट्झ आणि ग्रे यांनी १९५१ मध्ये सुपरसॉनिक नॉझलमधून रेणूंचा झोत काढायची कल्पना मांडली होती. शिकागो विद्यापीठात स्मॉली, व्हार्टन आणि लेव्ही यांनी १९७४ च्या सुमारास या रेणूचा वर्णपट जेटमध्ये घेतला (हेच रिचर्ड स्मॉली, ज्यांना पुढे फुलरीनसाठी १९९६ चं नोबेल मिळालं). हा रेणू निवडण्यामागे कारण होतं. तीनच अणू, पण खोलीच्या तापमानाला त्याच्या वर्णपटात रेषांचं नुसतं रान माजलेलं असतं. शिवाय त्याच्या लाइफटाइमचं एक जुनं कोडं होतं. शोषणाच्या तीव्रतेवरून हिशोब केला तर मायक्रोसेकंदाहून कमी लाइफटाइम यायला हवा, आणि १९५४ मध्ये न्यूबर्गर आणि डंकन यांनी मोजला तो ४४ मायक्रोसेकंद. इथे आकडा जास्त आला होता, आणि म्हणूनच गंमत. अंधारी वाट उघडली तर लाइफटाइम कमी व्हायला हवा, वाढायला नको. १९६६ मध्ये डग्लस यांनी अशा रेणूंचं कोडं उलगडायची दिशा दाखवली. उत्तेजित अवस्थेची पातळी मूळ अवस्थेच्या उंच कंपनपातळ्यांच्या गर्दीत पडते आणि त्यांच्यात मिसळते. प्रकाश देण्याची क्षमता अनेक पातळ्यांत वाटली जाते, मग प्रत्येकीच्या वाट्याला थोडी थोडी येते आणि प्रत्येकीचा लाइफटाइम लांबतो. वर्णपटातलं रान आणि लांबलेला लाइफटाइम ही एकाच कारणाची दोन रूपं होती. परिवलन थंड करून रान विरळ केलं तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. थंड करण्याचा खरा फायदा मला यात दिसतो: आपण कोणाला मोजतोय हे कळतं.

इथवरचं एका दमात: हवेतला आकडा ऑक्सिजनमुळे, द्रावणातला आकडा सॉल्व्हंट आणि कंपनांच्या सरासरीमुळे, जेटमधला आकडा एका निवडलेल्या एकाकी पातळीचा. तिन्ही बरोबर आहेत.

आता मोजमाप. पुस्तकात याबद्दल फार थोडं असतं आणि प्रयोगशाळेत वेळ इथेच जातो. नेहमीची मांडणी अशी: एनडी-याग लेसरच्या ५३२ नॅनोमीटर प्रकाशाने डाय लेसर (तरंगलांबी बदलता येणारा, रंगद्रव्याचा लेसर) चालवायचा, त्याच्या प्रकाशाची वारंवारता स्फटिकातून दुप्पट, म्हणजे तरंगलांबी निम्मी करून तो अतिनील करायचा. नॅफ्थलीनसाठी ६२४ नॅनोमीटर करून ३१२, ॲनिलीनसाठी ५८८ करून २९४. सेकंदाला १० पल्स, प्रत्येक ५ ते ८ नॅनोसेकंदांची. जेटला काटकोनात लेसर, दोघांना काटकोनात पीएमटी (फोटोमल्टिप्लायर ट्यूब, मंद प्रकाश टिपणारी नळी), पुढे डिजिटल ऑसिलोस्कोप आणि हजारभर पल्सची सरासरी. नॅफ्थलीनच्या ३०० नॅनोसेकंदांसमोर ८ नॅनोसेकंदांची पल्स म्हणजे क्षणच. ॲनिलीनचा लाइफटाइम ७-८ नॅनोसेकंद, तिथे पल्सचा आकार आणि क्षय एकमेकांत मिसळतात, दोन्ही गणिताने वेगळे करावे लागतात. फिनॉल सुमारे २ नॅनोसेकंद, तो या लेसरने मोजायला जाऊच नये. त्याला पिकोसेकंद लेसर हवा.

ऑसिलोस्कोपच्या इनपुटकडे बारकाईने पाहा, कारण खोटा लाइफटाइम सर्वांत जास्त वेळा तिथे जन्मतो. पीएमटीपासून ऑसिलोस्कोपपर्यंत एक मीटर कोॲक्स केबल असेल तर तिची धारिता सुमारे १०० पिकोफॅरड. इनपुट १ मेगओहमवर राहिला असेल तर दोन्हींचा गुणाकार १०० मायक्रोसेकंद. पडद्यावर घातांकी क्षय दिसतो, अगदी सुबक, लॉग आलेखावर सरळ रेषा, आणि तो तुमच्या केबलचा क्षय असतो. इनपुट ५० ओहमवर आणला की तोच गुणाकार ५ नॅनोसेकंदांवर येतो आणि खरा रेणू दिसायला लागतो, पण संकेताची उंची एकदम घसरते. उंची घसरली म्हणून विद्यार्थी मधलाच रोध लावतात, १० किलोओहम वगैरे. मग क्षय येतो १ मायक्रोसेकंद, आणि हा आकडा इतका ‘रेणवीय’ वाटतो की कोणी शंका घेत नाही. कसोटी सोपी आहे. रोध बदला. लाइफटाइम बदलला तर तो रेणूचा नव्हता. तसंच जेट बंद करून फक्त लेसरचा विखुरलेला प्रकाश नोंदवा. तो जेवढा रुंद दिसेल, तेवढी तुमच्या संपूर्ण यंत्रणेची मर्यादा.

दुसरी कसोटी तीव्रतेची. लेसरची ऊर्जा निम्मी करा, मग पाव करा. पीएमटीतून जादा प्रवाह निघत असेल तर क्षयाचा वरचा भाग दबतो आणि लाइफटाइम लांबलेला भासतो. तिन्ही ऊर्जांना तोच आकडा आला तरच पुढे जा. शिखर देखणं दिसावं म्हणून लेसर वाढवत नेण्याचा मोह आवरणं, हे या कामातलं अर्धं कौशल्य आहे असं माझं ठाम मत आहे.

हेलियमचं एक वेगळं प्रकरण आहे. हेलियम काचेतून, विशेषतः क्वार्ट्झमधून, हळूहळू पीएमटीच्या आत शिरतो. हेलियमच्या जेटजवळ वर्षानुवर्षं ठेवलेली ट्यूब खऱ्या संकेतानंतर काही शे नॅनोसेकंदांनी एक लहानसा उंचवटा दाखवायला लागते, कारण आत शिरलेल्या हेलियमचे आयन कॅथोडवर आपटतात. नॅफ्थलीनच्या क्षयाच्या नेमक्या मध्यावर तो उंचवटा येतो आणि दुहेरी घातांकी क्षयाचा भास होतो. ट्यूब बदलून पाहणं हाच उपाय. पंपाचा धूर आणि हेलियम खोलीबाहेर नीट सोडले तर ही वेळ उशिरा येते.

लाइफटाइम लांब असेल तर रेणू पळून जातात. नॅफ्थलीन ३०० नॅनोसेकंदांत आर्गॉनबरोबर ०.१७ मिलिमीटर सरकतो, काळजी नाही. नायट्रोजन डायऑक्साइड ४४ मायक्रोसेकंदांत आर्गॉनबरोबर २५ मिलिमीटर आणि हेलियमबरोबर जवळपास ७८ मिलिमीटर जातो. तुमची भिंगं १० मिलिमीटरचाच भाग पाहत असतील, तर मोजला जाणारा वेळ रेणूच्या आयुष्याचा नसून खिडकीसमोरून जायचा असतो. वाहक वायू बदलून पाहा. आर्गॉन आणि हेलियमचे आकडे वेगवेगळे आले तर हेच घडतंय, किंवा मग आर्गॉनचा अणू रेणूला चिकटून जोडी तयार झाली आहे. जोडीची रेषा मूळ रेषेपेक्षा किंचित सरकलेली असते आणि छिद्रामागचा वायूचा दाब वाढवला की ती फार झपाट्याने वाढते, त्यावरून ती ओळखू येते.

आणि नॉझल. नॅफ्थलीनची वाफ पुरेशी मिळावी म्हणून नमुना ६०-७० अंशांना गरम ठेवतात. नॉझल त्यापेक्षा थंड राहिला तर छिद्राच्या कडेवर पांढरे पापुद्रे धरतात आणि संकेत तासाभरात बसतो. नॉझल नमुन्यापेक्षा दहाएक अंश जास्त गरम ठेवायचा. नमुना म्हणून घरातली डांबरगोळी वापरू नका. बाजारातल्या बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात आणि नॅफ्थलीनच्या असल्या तरी शुद्धतेची खात्री नसते.

काही बाबतींत उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. सगळेच रेणू एका सरळ घातांकी रेषेत क्षय पावत नाहीत. पायराझिनमध्ये एकच प्रकाश देणारी पातळी मोजक्या ट्रिप्लेट पातळ्यांशी मिसळते, त्यामुळे क्षय आधी वेगवान मग संथ होतो आणि अरुंद लेसर वापरला तर त्यावर हेलकावे दिसतात. तिथे ‘लाइफटाइम किती’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. तुमच्या डाय लेसरची रुंदी ०.१-०.२ वेव्हनंबर असते आणि नॅफ्थलीनचे परिवलन स्थिरांक ०.०३ ते ०.१ वेव्हनंबर. तेव्हा ‘एक पातळी निवडली’ असं आपण म्हणतो ते कंपनापुरतं खरं आहे, परिवलनाच्या अनेक पातळ्या त्यात येतातच. आणखी एक: फ्लुओरेसन्सने शोधताना अंधारी वाट फार वेगवान असलेल्या पातळ्या दिसतच नाहीत. वर्णपटात जिथे रेषा नाही तिथे पातळी नाही असं समजू नका. त्याच पातळ्या आयनीकरणाने शोधल्या तर अनेकदा सापडतात.

कोणी सुचवेल की एकेक फोटॉन मोजण्याची टीसीएसपीसी पद्धत वापरा. ती उत्तम आहे, पण लेसर कोणता त्यावर ठरतं. या पद्धतीत दर १०० पल्समागे एखादाच फोटॉन नोंदवायचा असतो, नाहीतर आधी येणारे फोटॉन जास्त मोजले जाऊन लाइफटाइम खोटा कमी येतो. १० हर्ट्झच्या लेसरवर म्हणजे सेकंदाला ०.१ फोटॉन. दहा हजार फोटॉन जमवायला एक लाख सेकंद, म्हणजे एका दिवसाहून जास्त. मेगाहर्ट्झने पल्स देणारा लेसर असेल तेव्हाच तिचा विचार करा.

आता नाशिकचा प्रश्न. जेटची पूर्ण मांडणी, मोठे पंप, पल्स व्हॉल्व्ह, दोन लेसर, एका महाविद्यालयाच्या आवाक्यात नाही आणि एका वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ती गरजेचीही नाही. अशी मांडणी असलेल्या संस्था जवळ आहेत: मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी, पुण्यात आयसर. मार्गदर्शकांच्या पत्रासह, काय मोजायचं आहे ते एका पानात लिहून विचारा. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन एक दिवस प्रयोग बघून आलात तरी प्रबंधाचा दर्जा बदलेल. पण त्याआधी इथे दोन गोष्टी करून जा.

पहिली गोष्ट ऑक्सिजनची. विभागात साधा स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटर असेल तर नॅनोसेकंद लेसर नसतानाही लाइफटाइमचं गुणोत्तर मिळतं. शुद्ध नॅफ्थलीनचं सौम्य द्रावण क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये घ्या (साधी काच अतिनील अडवते), २७५-२८० नॅनोमीटरने उत्तेजित करा, ३३५ च्या आसपास तीव्रता नोंदवा. मग नायट्रोजनचे बुडबुडे पंधरा-वीस मिनिटं सोडा आणि पुन्हा नोंदवा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सिलिंडर भरून मिळतो. सायक्लोहेक्झेन उडून जातं आणि द्रावण घट्ट होतं, म्हणून नायट्रोजन आधी सायक्लोहेक्झेनच्याच बाटलीतून फिरवून आणा. सायक्लोहेक्झेन पेट घेणारं आहे, तेव्हा हे फ्यूम हूडमध्येच. दोन तीव्रतांचं गुणोत्तर हेच दोन लाइफटाइमचं गुणोत्तर, स्टर्न-व्होल्मर समीकरण तेच सांगतं. पाच-सहा पट फरक मिळाला तर वरचा १०० आणि १७ चा हिशोब तुम्ही स्वतः तपासला.

दुसरी गोष्ट माणकाची. कृत्रिम माणकाचा छोटा तुकडा, हिरवा एलईडी, सिग्नल जनरेटर, लाल फिल्टर आणि फोटोडायोड. माणकाचा ६९४ नॅनोमीटरचा प्रकाश खोलीच्या तापमानाला साधारण ३ ते ४ मिलिसेकंदांत क्षय पावतो, इतका संथ की साध्या ऑसिलोस्कोपवर दिसतो. तो वायू नाही, रेणूही नाही, आणि माणकात तापमानाचा परिणाम वेगळ्या कारणाने होतो, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. पण रोध बदलून पाहणं, प्रकाश कमी करून पाहणं, लॉग आलेखावरची रेषा कुठून कुठपर्यंत सरळ आहे ते ठरवणं, शेवटच्या आवाजात बुडालेल्या भागाला फिटमधून वगळणं, या सगळ्या सवयी त्यावर लागतात. माणूस त्या सवयी घेऊन जेटच्या प्रयोगशाळेत गेला की तिथली मंडळी त्याला यंत्राला हात लावू देतात.

प्रबंधात तक्ता कराल तेव्हा लाइफटाइमच्या रकान्याशेजारी आणखी चार रकाने ठेवा: उत्तेजित करणारी तरंगलांबी, माध्यम, ऑक्सिजन होता की नाही, आणि कंपन व परिवलनाचं तापमान वेगवेगळं. जिथे मूळ लेखात यातली माहिती सापडत नाही तिथे रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका. तक्ता तयार झाला की इथे टाका, मी बघून सांगेन.